शब्दचर्चा : पाकोळी म्हणजे नेमका कोणता पक्षी?

शब्दवेडी :
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकासाठी पक्ष्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. लेख 'स्विफ्ट' या पक्ष्यांवर आहे आणि अडचण पहिल्याच ओळीत आली. हाताशी असलेल्या शब्दकोशात 'अबाबील' दिलंय, पक्षिनिरीक्षण करणारी मैत्रीण 'पाकोळी' म्हणते, आणि आईच्या मते पाकोळी म्हणजे तिन्हीसांजेला माजघरात शिरतं ते लहान वटवाघूळ. पुढे लेखात स्विफ्टलेट, नीडलटेल, ट्रीस्विफ्ट अशीही नावं येतात. या सगळ्यांना पाकोळी म्हटलेलं चालेल का? की प्रत्येकाला वेगळा शब्द आहे?

खाडीकाठ :
आई बरोबर सांगतात. आमच्याकडेही मोठं ते वाघूळ आणि किडे खाणारं लहान ते पाकोळी. पक्ष्याला पाकोळी म्हणतात हे मला शहरात आल्यावर कळलं.

कातळकडा :
शब्दवेडीताई, पक्ष्यासाठी 'पाकोळी' हाच शब्द घ्या, अगदी निर्धास्तपणे. मराठी पक्षिनिरीक्षकांमध्ये तो पक्का रुळलेला आहे. आईंचा अर्थही खरा आहे आणि दोन्ही अर्थ एकाच शब्दात का आले असावेत हे संध्याकाळी आकाशाकडे पाहिलं की समजतं. किडे टिपत गिरक्या घेणारं काहीतरी काळं, लहान, क्षणभर न थांबणारं. उजेड असेपर्यंत तो पक्षी असतो, अंधारलं की वटवाघूळ. लेखात पहिल्या उल्लेखाला 'पाकोळी हा पक्षी' एवढं लिहिलंत तर कोकणातल्या वाचकाचाही घोटाळा होणार नाही.

'अबाबील' मात्र टाळा. हा शब्द आपल्याकडे उर्दूतून आला. मुळात अरबीत त्याचा अर्थ 'थवेच्या थवे' असा आहे. कुराणात हत्तींच्या सैन्यावर पाठवलेल्या पक्ष्यांच्या संदर्भात तो येतो. पुढे उर्दूत तो एका पक्ष्याचं नाव झाला, पण त्या नावाखाली भिंगरी आणि पाकोळी दोन्ही ढकलल्या जातात. हिंदीत पाकोळीला 'बतासी' असा स्वतंत्र, सुरेख शब्द आहे. बंगालीत 'बातास' म्हणजे वारा.

खरा घोटाळा भिंगरीशी होतो आणि तो सोडवल्याशिवाय भाषांतर करू नका अशी माझी कळकळीची विनंती. भिंगरी म्हणजे इंग्रजीतली 'स्वॉलो'. दोघींचे पंख लांब, दोघी हवेतच किडे खातात, त्यामुळे वर्तमानपत्रांत सर्रास एकीचा फोटो आणि दुसरीचं नाव असतं. पण नातं पाहिलं तर भिंगरी चिमणी-बुलबुलांच्या बाजूची आहे आणि पाकोळीचं सगळ्यात जवळचं नातं आहे अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी. आपल्या इकडच्या पक्ष्यांत शोधायचं तर रात्री रस्त्यावर बसलेला दिसतो तो रातवा तिला भिंगरीपेक्षा जवळचा. हवेतले किडे पकडण्याचं एकच काम दोन वेगळ्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं आणि शरीरं सारखी होत गेली.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनेअसनेही 1758 मध्ये पाकोळीला भिंगऱ्यांच्याच वंशात घातलं होतं. 1777 मध्ये स्कोपोली या निसर्गअभ्यासकाने तिला बाहेर काढून 'एपस' हा वेगळा वंश केला. एपस म्हणजे ग्रीकमध्ये 'पाय नसलेला'. पाय अर्थातच असतात, पण इतके आखूड की उडताना दिसतच नाहीत.

ओळखायचं कसं? तारेवर बसलेली दिसली की ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसत नाही, बसूच शकत नाही. भिंगरीच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे असल्यामुळे तिला तार धरता येते. आपल्या नेहमीच्या पाकोळ्यांना चारही बोटं पुढे वळवता येतात, नख्या आकड्यासारख्या आणि धारदार. त्या भिंतीला, कड्याला लटकतात. शेपटीची पिसं मोजायला मिळाली तर भिंगरीची बारा भरतील, पाकोळीची दहा. आणि घरटं पाहा. भिंगरी चोचीने चिखलाच्या गोळ्या आणून लिंपते, पाकोळी स्वतःच्या लाळेने चिकटवते.

मेळघाटी :
कातळकडा दादा, एक शंका. पाकोळी बसत नाही म्हणता, पण आमच्या इकडे सागाच्या जंगलात वाळक्या शेंड्यावर ताठ बसलेली तुरेवाली पाकोळी मी अनेकदा पाहिली आहे. डोक्यावर तुरा, नराच्या गालावर विटकरी रंग. मग तिला पाकोळी म्हणायचं की नाही?

कातळकडा :
उत्तम प्रश्न, आणि वर मी 'आपल्या नेहमीच्या पाकोळ्या' असं जे लिहिलं ते हिच्यासाठीच. ही ट्रीस्विफ्ट. हिचं कुळच वेगळं आहे, 'हेमिप्रोक्निडी'. त्या कुळात जगभरात फक्त चार जाती, सगळ्या भारतापासून न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांपर्यंतच्या पट्ट्यातल्या. महाराष्ट्रात दिसते ती एकच. हिचं एक बोट मागे असतं, म्हणून ती फांदी धरून बसते. बाकीच्या शंभराहून जास्त जाती 'एपोडिडी' या कुळातल्या. दोन्ही कुळं आणि हमिंगबर्ड मिळून एक मोठा गट होतो.

तरी 'तुरेवाली पाकोळी' हे नाव मी बदलणार नाही. नाव कुळाशी तंतोतंत जुळलंच पाहिजे असा आग्रह धरला तर लोक वापरतात ती निम्मी नावं टाकून द्यावी लागतील. लेखात एकदा 'ही पाकोळ्यांची सख्खी नव्हे, चुलत बहीण' एवढं सांगितलं की भागतं.

मेळघाटी, तुम्ही तिचं घरटं पाहिलंय का? आडव्या फांदीच्या कडेला चिकटवलेली, अर्ध्या बशीएवढीसुद्धा नसलेली वाटी. त्यात एकच अंडं. पक्षी बसला की घरटं झाकून जातं आणि तो नुसता फांदीवर विसावलाय असंच वाटतं.

मेळघाटी :
घरटं नाही पाहिलं. या उन्हाळ्यात शोधतो. धन्यवाद.

सांजवारा :
माझा प्रश्न 'घर पाकोळी' या नावाबद्दल. जुन्या पुस्तकांत 'हाउस स्विफ्ट' म्हणून जो पक्षी दिलाय त्याला आम्ही घर पाकोळी म्हणत आलो. आता नव्या याद्यांत 'लिटल स्विफ्ट' आहे आणि हाउस स्विफ्ट म्हणून भलताच पक्षी. मराठीत काय करायचं?

कातळकडा :
सांजवारा, झालं असं. पूर्वी आफ्रिकेपासून जपानपर्यंतचे हे पांढऱ्या कमरेचे लहान पक्षी एकच जात मानले जात. मग त्यांचे दोन भाग केले. पश्चिमेकडचे आणि आपल्या द्वीपकल्पातले 'एपस अफिनिस' राहिले आणि हिमालय, ईशान्य भारत व त्याच्या पूर्वेकडचे 'एपस निपालेन्सिस' झाले. इंग्रजीत 'हाउस' हे विशेषण पूर्वेकडच्यांना गेलं. आपल्या गावातला पक्षी जिथे होता तिथेच आहे, पाटी तेवढी बदलली.

मराठीत आपण इंग्रजी पाटीच्या मागे का धावायचं? आपल्या वाड्यांच्या वेशीत, किल्ल्यांच्या दरवाज्यांत, पुलांखाली, जुन्या मशिदींच्या कमानींत जी राहते ती घर पाकोळी. हे नाव तिच्या राहणीवरून पडलंय आणि राहणी बदललेली नाही. हिमालयातली हवी असेल तर तिला नेपाळी घर पाकोळी म्हणा. तिच्या शास्त्रीय नावातच नेपाळ आहे.

तिची घरटी कुणी जवळून पाहिली नसतील तर एखाद्या जुन्या दरवाज्याच्या कमानीखाली मान वर करून दोन मिनिटं उभं राहा. एकाला एक लागून, एकावर एक चढवलेली, वेडीवाकडी पोतडीसारखी घरटी. हवेत तरंगत येणारं काहीही त्यांत असतं. पिसं, गवताच्या काड्या, सावरीचा कापूस, हल्ली दोऱ्याचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे धागेही. जमिनीवर उतरून वेचणं तिला जमत नाही, म्हणून सगळं सामान उडता उडता झेललेलं. त्यावर लाळ वाळली की ते कडक होतं. विणीच्या दिवसांत तिच्या लाळेच्या ग्रंथी मोठ्या होतात. रंगकाम करताना ही घरटी 'घाण' म्हणून खरवडतात तेव्हा फार वाईट वाटतं. रंगारी यायच्या आधी आत पिल्लं आहेत का एवढं तरी पाहायला हवं.

शब्दवेडी :
किती छान माहिती मिळते आहे. लेखात एक वाक्य आहे की पाकोळ्या दहा महिने जमिनीवर उतरत नाहीत. हे अक्षरशः घ्यायचं की लेखकाची अतिशयोक्ती समजायची?

कातळकडा :
अक्षरशः घ्या, पण कोणत्या जातीबद्दल ते लिहा. ते युरोपातल्या 'कॉमन स्विफ्ट'बद्दल आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले आंदेर्स हेडेनस्ट्रम आणि त्यांचे सहकारी यांनी या पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीण संपवून आफ्रिकेत जाऊन परत येईपर्यंतच्या दहा महिन्यांत काही पक्षी एकदाही उतरले नव्हते, आणि जे उतरले तेही अगदी थोडा वेळ. त्याआधी 2013 मध्ये फेलिक्स लिश्ती यांच्या स्वित्झर्लंडमधल्या गटाने 'अल्पाइन स्विफ्ट' सुमारे दोनशे दिवस सलग हवेत राहते असं दाखवलं होतं.

या दुसऱ्या पाकोळीचं आपल्याला जास्त अगत्य असायला हवं, कारण ती सह्याद्रीतली आहे. पोट आणि गळा पांढरा, मध्ये छातीवर तपकिरी पट्टा, पंखांचा पसारा घर पाकोळीच्या दीडपटीहून जास्त. गिरसप्प्याला जोगच्या धबधब्याच्या कड्यात ती मोठ्या संख्येने राहते. गडांच्या कड्यावर उभं असताना कानाजवळून एकदम 'सूंऽ' असा आवाज जातो ना, तो बहुतेक वेळा हिच्या पंखांचा. मराठीत तिला 'आल्प्स पाकोळी' लिहिलेलंही वाचलंय. मला 'मोठी पाकोळी' किंवा 'कडेपाकोळी' बरं वाटतं. सह्याद्रीत जन्मणाऱ्या पक्ष्याच्या नावात आल्प्स कशाला?

खाडीकाठ :
'कडेपाकोळी' गोड आहे. पण कड्यावर मातकट रंगाची एक भिंगरीही असते ना? लेण्यांच्या छतालाही तिची घरटी असतात.

कातळकडा :
असते. ती क्रॅग मार्टिन, भिंगरीच्याच कुळातली. तिचं घरटं चिखलाचं असतं हे लेण्यात वर पाहून लगेच कळेल. तिला 'कातळभिंगरी' म्हणावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

शब्दवेडी :
आता स्विफ्टलेट. 'छोटी पाकोळी' केलं तर?

कातळकडा :
नको. आकार लहान आहे म्हणून 'छोटी' केलंत तर ताडाच्या झावळीखाली राहणारी ताडपाकोळीही सडपातळ आणि लहानच आहे. स्विफ्टलेटचं खरं वैशिष्ट्य गुहा. 'गुहापाकोळी' लिहा.

या पक्ष्यांच्या वर्गीकरणाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. रंग सगळ्यांचा मळकट करडा-तपकिरी. हातात धरूनही एक जात दुसरीपासून सांगणं अवघड. म्हणून अभ्यासकांनी गुण शोधले ते घरट्यांत आणि आवाजात. यातल्या बऱ्याच जाती गुहेच्या पूर्ण अंधारात टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेतात. वटवाघळाचा तसा आवाज आपल्याला सहसा ऐकू येत नाही, यांचा मात्र स्वच्छ ऐकू येतो. 1970 च्या सुमारास रिचर्ड ब्रुक यांनी त्यावरून विभागणी सुचवली. प्रतिध्वनी वापरणाऱ्या 'एरोड्रामस' वंशात, न वापरणाऱ्या चकचकीत पाठीच्या 'कोलोकेलिया' वंशात, आणि धबधब्यामागे राहणारी एक मोठी जात तिसऱ्या वंशात. पुष्कळ वर्षं हे चाललं. मग 2004 मध्ये फिलिपीन्समधली एक चिमुकली 'कोलोकेलिया' अंधारात टकटक करत असल्याचं प्रसिद्ध झालं आणि आवाज हा वंशाचा दाखला म्हणून पुरेसा नाही हे उघड झालं. वंश आजही वेगळेच मानतात, पण आता आधार जनुकांचा.

खाडीकाठ, तुमच्या वटवाघळाची आठवण इथे पुन्हा येते. अंधारात प्रतिध्वनीवर उडणारा पक्षी आणि ते लहान वटवाघूळ, दोघांना एकच शब्द मिळाला ही भाषेने साधलेली फार सुंदर गोष्ट आहे.

खाडीकाठ :
वा. आईला वाचून दाखवतो हे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर घरट्यांची चोरी व्हायची, ती याच पाकोळ्यांची का?

कातळकडा :
होय, हीच. वेंगुर्ला रॉक्स नावाच्या त्या बेटांवरच्या गुहेत 'इंडियन स्विफ्टलेट'ची वसाहत आहे. पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढाच या जातीचा मुलूख. हुमायून अब्दुलअली यांनी 1942 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिथल्या सुरय या समुद्रपक्ष्यांबद्दल आणि या पाकोळ्यांबद्दल लिहिलं होतं.

चोरीचं कारण चिनी सूप. आग्नेय आशियातल्या एका जातीचं घरटं जवळजवळ निव्वळ वाळलेल्या लाळेचं, पांढरं असतं आणि त्याला प्रचंड किंमत येते. मलेशिया-इंडोनेशियात आता त्यासाठी खास इमारती बांधतात, आत पाकोळ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज लावतात आणि पक्षी आपणहून येऊन राहतात. आपल्याकडे अंदमान-निकोबारमध्येही ती जात आहे. तिथे डॉ. रवी शंकरन यांनी गुहा वाचवण्यासाठी मोठं काम केलं. वेंगुर्ल्याच्या जातीच्या घरट्यात मात्र गवत, शेवाळ, पिसं मिसळलेली असतात. त्यामुळे भाव कमी, पण चोरायचे चोरतच होते. अंडी-पिल्लांसकट घरटी खरवडली जायची. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्याकडे लक्ष वेधलं आणि पक्ष्यांच्या रक्षणासाठी काम उभं केलं. शब्दवेडीताई, दिवाळी अंक कोकणात जाणार असेल तर मूळ लेखात नसलं तरी हे एका चौकटीत जरूर द्या.

सांजवारा :
नीडलटेलसाठी मी 'सुईशेपटी' सुचवते. शेपटीच्या पिसांचे दांडे पुढे टोकदार निघालेले असतात.

मेळघाटी :
'काटेशेपटी' का नको? सुई गुळगुळीत असते, हे काट्यासारखं आहे.

सांजवारा :
'काटेशेपटी' म्हटलं की मला शेपटीभर काटे दिसतात, साळिंदरासारखे. इथे फक्त टोकं.

कातळकडा :
माझं मत सुईशेपटीला. इंग्रजी नावाचं तेच भाषांतर आहे म्हणून नव्हे. प्रत्येक पिसाच्या टोकाला एकेक बारीक सूळ, असंच ते खरोखर दिसतं. हा गट पोकळ झाडांतला. खोडाच्या आतल्या भिंतीला नख्यांनी लटकायचं आणि शेपटीची ही टोकं टेकवून भार तोलायचा. पश्चिम घाटाच्या जुन्या जंगलांत पांढऱ्या कमरेची एक सुईशेपटी दिसते. जुनी पोकळ झाडं तोडली की तिचं घर गेलं.

अमेरिकेतली 'चिमनी स्विफ्ट' याच गटातली. युरोपीय लोकांनी जंगलं तोडून घरं बांधली तेव्हा ती पोकळ झाडांतून धुराड्यांत राहायला आली. ती हिवाळ्यात जाते कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. पेरूमधल्या आदिवासींनी काही पक्षी मारले आणि ओळखीसाठी अभ्यासकांनी त्यांच्या पायांत घातलेली 13 कडी 1944 मध्ये अमेरिकेत अधिकाऱ्यांपर्यंत पोचली, तेव्हा पत्ता लागला. धुराडी बंद होत गेली तशी तिची संख्याही घटते आहे.

शब्दवेडी :
सुईशेपटी ठरलं. एक शेवटचं. लेखात 'सलीम अलीज् स्विफ्ट' आहे. 'सलीम अली यांची पाकोळी' कानाला विचित्र वाटतं.

कातळकडा :
'सलीम अली पाकोळी' एवढंच लिहा. जुन्या यादीत दुभंगलेल्या शेपटीची जी एक जात होती तिचे 2011 मध्ये चार भाग सुचवले गेले. त्यातली तिबेटच्या पूर्व भागात आणि लगतच्या चीनमध्ये वीण करणारी ही. नाव मात्र त्याआधीचं, 1958 चं, डेव्हिड लॅक यांनी उपजातीला दिलेलं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयाच्या मनोऱ्यात पाकोळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे तेच लॅक. मेघालयात खासी टेकड्यांच्या कड्यांवर काळ्या कमरेची एक दुर्मीळ पाकोळी राहते, तीही लेखात असेल तर 'खासी पाकोळी' म्हणता येईल.

आणि अंकाला एक विनंती. वेंगुर्ल्याची चौकट केलीत तर गुहेत जायची वाट किंवा घरट्यांच्या जागा छापू नका, फोटो उडत्या पक्ष्याचा द्या. चौकटीतच हेही लिहा, की जमिनीवर पडलेली पाकोळी सापडली तर तिला हवेत फेकायचं नाही. फेकल्याने जखमी पक्षी पुन्हा आदळतो. उघड्या तळहातावर ठेवून हात उंच धरायचा. धडधाकट असेल तर ती आपणहून जाते. गेली नाही तर हवेशीर खोक्यात ठेवून जवळच्या पक्षिमित्राला किंवा वनखात्याला कळवायचं.

शब्दवेडी :
दोन्ही घालते. मजकूर तयार झाला की छापायच्या आधी इथे टाकीन, नावं सगळ्यांनी एकदा तपासून द्या.